विसळलेली बाटली

गावात जुलाबाची साथ हटता हटत नव्हती आणि नळाचं पाणी मात्र दर तपासणीत शुद्ध ठरत होतं, म्हणून प्रयोगशाळेतल्या बाई स्वतःच जलशुद्धीकरण केंद्रावर थडकल्या. नमुने भरणाऱ्या काकांनी त्यांच्यादेखत बाटली उघडली, नळाखाली विसळली आणि मगच भरली. “विसळली कशाला?” “तळाशी पांढरी पूड असते हो. तुमच्याकडे बाटल्या कुणी धड धूतच नाही. मी आपला गुपचूप विसळून घेतो, उगाच कुणाची नोकरी जायला नको.” बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. ती पूड त्या स्वतः मोजून घालायच्या. ती नसली, की पाण्यातलं क्लोरीन बाटलीतही काम करत राहतं. घरोघरी जिवंत पोचणारे जंतू तपासणीआधीच मरतात. काकांना सांगायचं राहूनच गेलं होतं. काकांनी त्याच नळावर पेला भरून पुढे केला. “घ्या बिनधास्त. तुम्हीच पास केलेलं पाणी आहे.”