दुधावर लक्ष

मावशीने गॅस बंद केला तेव्हा दूध नुकतं कुठे कडेने थरथरायला लागलं होतं.

"अगं मावशी!" भाच्याने कपाळावर हात मारला. "हात लावायचा नाही म्हटलं होतं ना!"

"सवय रे. आपोआप गेला हात."

हे दुसऱ्यांदा झालं होतं. शेगडीमागच्या भिंतीवर त्याने साबणाच्या डबीत बसवलेलं यंत्र चिकटवलं होतं. त्यातून निघालेली वायर चिकटपट्टी लावत लावत गॅसच्या बटणापर्यंत आणली होती. दूध वर यायला लागलं की डबीने ते ओळखायचं, आपलं आपण बटण फिरवायचं आणि शिट्टी द्यायची. बायकोने आता स्वयंपाकघरात पाऊल टाकायला बंदी केली होती, म्हणून आजचा प्रयोग मावशीकडे. नोकरी सोडून वर्ष होत आलं होतं. भांड्यांच्या मोठ्या दुकानाची मालकीण स्वतः बघायला आली होती. तिला पटलं तर डबी दुकानात जाणार होती. नाही पटलं, तर तो पुन्हा जुन्या साहेबांपुढे जाऊन उभा राहणार होता.

मालकीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "मावशी, विसरल्याचं नुसतं दाखवायचंय."

"तेच तर जमत नाही हो. या हातून आजवर थेंबभर दूध उतू गेलेलं नाही. मुलगा फोनवर म्हणतो, आई, तू आता एकटी राहू नकोस, घर बंद कर, काहीतरी विसरून बसशील. मी म्हटलं, विसरायला मी काय तुझे वडील आहे?"

भाचा हसला, पण त्याचं लक्ष मालकीणबाईंच्या पर्सकडे होतं. ती त्यांनी काखेला लावली होती.

त्याने पुन्हा गॅस पेटवला, मावशीला खांद्याला धरून बाहेरच्या खोलीत आणलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. स्वतः दारात स्टूल टाकून पहारेकऱ्यासारखा बसला.

"आता उठायचं नाही. काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. आईचं आणि तुझं लहानपणचं सांग."

मावशीने चष्मा काढून पुसायला घेतला.

"आम्हां दोघींना दुधावर लक्ष ठेवायला बसवायचे. स्टूल एकच. तुझी आई म्हणायची, मी मोठी, मी बसणार. मग आम्ही पाठीला पाठ लावून अर्ध्या अर्ध्या स्टुलावर बसायचो. एकदा मी न सांगता उठले आणि ती धाडकन खाली! कोपर फुटलं. पण पडल्या पडल्या ओरडली काय, तर दूध, दूध!" मावशी एकटीच हसली. "पिवळा फ्रॉक होता तिचा. नाही, पिवळा माझा. तिचा..."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी झटकत होतं.

"तिचा होता..."

आतून खट्ट झालं आणि बारीक, लांबलचक शिट्टी वाजली.

मावशी दचकली. "हा कसला आवाज?"

मालकीणबाईंनी टाळ्याच पिटल्या. "वा मावशी! नाटकात हव्या होतात तुम्ही! क्षणभर मला खरंच वाटलं हो!"

भाचा केव्हाच आत धावला होता. दूध पातेल्याच्या काठाला लागून पुन्हा खाली बसत होतं. ओटा कोरडा होता. "मावशी, बघ! बघ ना!"

मावशी हसली, सगळ्यांच्या जरा मागून.

"आधी थोड्या पाठवा," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि ती वायर झाका बाई कशाने तरी."

त्या गेल्या. भाचा शीळ घालत चिकटपट्टी सोडवायला लागला.

"राहू दे ती," मावशी म्हणाली.

"अगं, ही पहिलीच आहे, अगदी कच्ची. तुला छान नवी करून आणतो."

"कच्ची तर कच्ची."

"आणि तुला गं कशाला? थेंबभर उतू जात नाही म्हणे!"

चिकटपट्टीचं सुटलेलं टोक मावशीने अंगठ्याने पुन्हा भिंतीवर दाबलं. ते चिकटलं, तरी तिने अंगठा उचलला नाही.