सवतीचं पान

तुळजाबाईंचा नवरा रोज सकाळी सक्करदऱ्यातल्या गच्चीवर भाकरीचा पहिला घास एका लंगड्या कावळ्याला द्यायचा आणि तासभर त्याच्याशीच बोलत बसायचा. बायकोशी मात्र 'चहा आण'पलीकडे बोलणं नाही. तुळजाबाई त्या कावळ्याला सवत म्हणायच्या आणि नवऱ्याची पाठ वळली की खडे मारायच्या. आज नवऱ्याचं पहिलं पित्तर. पान वाढून सगळे हात जोडून उभे राहिले, पण कठड्यावरचा लंगडा खाली उतरेना. "बाबांची काही इच्छा राहून गेली असन," मुलगा म्हणाला. "इच्छागिच्छा काही नाही, बाबू. सवत मले ओळखून राहिली." तुळजाबाईंनी सगळ्यांना खाली पाठवलं, नवऱ्याचा दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि पानाशी बसल्या. कावळा टुणकन उतरला, वड्यावर तुटून पडला. त्यांचा जळफळाट झाला. मग दुपट्टा सावरत त्यांनी हळूच विचारलं, "माह्याबद्दल काही बोलत होते का वं?"