पसंत पडलेली जागा

मधमाश्यांचा थवा पेटी सोडून फांदीला लोंबकळला होता. नव्या घरासाठी अंधारी पोकळी सापडली की माश्या नाचून तिची दिशा दाखवतात, हे मधपाळाला ठाऊक होतं. आज ती दिशा दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकोची होती.

"जरा फाटकापाशी जा गं."

"मग कपडे काय तुमच्या माश्या वाळत घालणार?" कुरकुरत ती गेली.

नाच फाटकाकडे वळला.

त्याने तिला परत बोलावलं. नाचही परत आला, आणि आता सगळ्याच माश्या नाचत होत्या.

एकाएकी नाच थांबला. अख्खा थवा उठला.

"तोंड मीट!" तो किंचाळला.

"आता मी काय बोलले?" असं विचारायला तिने नेहमीसारखं ऐसपैस तोंड उघडलं.