तरवडाची अट

खांद्याला पिशवी अडकवून कचरू अंगणात आला आणि कुंपणाजवळची तरवडाची काडी त्यानं अंगठ्यानं दाबली. काडी कट्‌कन मोडली.

"मेला," तो म्हणाला. वाईट वाटण्यापेक्षा आपलंच खरं झाल्याचं समाधान त्याला जास्त होतं.

उन्हाळ्यात मुलानं, प्रशांतनं, त्याला घोडेगावहून नगरला कायमचं आणलं, तेव्हा म्हाताऱ्यानं बांधावरचं तरवडाचं झुडूप मुळासकट उपटून टेम्पोत टाकलं होतं. ते इथं लावून त्यानं अट घातली होती, "पोळ्यापातुर तरवड लागला तर ऱ्हाईन. न्हाई तर चाललो माघारी." तरवड कुणी लावलेला त्यानं जन्मात पाहिला नव्हता. माळावर तो आपला आपण येतो. इथं मात्र आठवड्यात पानं झडली, आणि कचरूनं रागानं तिकडं बघायचंच सोडलं.

काल पोळा झाला. फाटकाबाहेर प्रशांत मोटारसायकल सुरू करून उभा होता. वडिलांशी वाद घालायचं धाडस त्याच्यात कधीच नव्हतं.

"आबा, जरा गवत बाजूला करून बघा," मागून वृषाली म्हणाली. कामावरून आल्यावर दार उघडणारं, समोर बसून चहा पिणारं माणूस सुनेला या चार महिन्यांत घरात मिळालं होतं. ते असं सहजासहजी ती जाऊ देणार नव्हती.

कचरू खाली बसला. वाळल्या काडीपासून हातभर अंतरावर तीन रोपं उभी होती. वीतभर उंच, पानं टवटवीत. त्यानं एकाच्या बुडाची माती उकरून पाहिली.

"हे बुडातनं फुटलेलं न्हाई. बी टाकलंय कुनीतरी."

"मी टाकलं. तुम्ही आणलेल्या झुडपाच्याच शेंगा होत्या."

"ही फसवनूक झाली."

"कशी काय? तरवड लागला तर राहीन, असं म्हणालात. उपटून आणलेलाच लागला पाहिजे, असं नव्हतं ठरलं."

कचरूनं तिच्याकडं पाहिलं. ती हसत नव्हती. तो पुन्हा रोपांकडं वळला.

"पानी कढत घेतलं व्हतं का बी भिजवाया? लई टणक असतंय ते."

"कढत घेतलं. रात्रभर ठेवलं."

"हं." त्यानं उकरलेली माती पुन्हा नीट दाबली. "फुलं यायला दोन वर्सं तरी जात्यात याला."

"जाऊ द्या की," वृषाली म्हणाली. "मला कुठं घाई आहे?"

बाहेर प्रशांतनं हॉर्न वाजवला. बस चुकेल म्हणून त्यानं गाडी रेसही केली.

कचरूनं पिशवी खांद्यावरून काढून गवतात ठेवली. वाळलेली काडी उपटली, गुडघ्यावर मोडून तिचे बोटबोटभर तुकडे केले आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून रोपांभोवती एकेक खोचत गेला.

"परशा," तो मान वर न करता म्हणाला, "बंद कर ती गाडी. रोपांवर धूर यायलाय."