विसरलेली टेस्ट केस

"आधी जुन्यांत शोध. नाही सापडली तरच नवी लिही," बद्रीनाथसर म्हणाले आणि खिडकी लावायला उठले. खाली शहागंजात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. दुकानांची शटरं सकाळपासून खाली, रस्त्यावर नुसत्या पोलिसांच्या गाड्या. माडीवरच्या या ऑफिसात आज दोघंच आले होते, सर आणि सुगंधा.

सुगंधानं कपाटातल्या टेस्ट केसच्या सगळ्या फायली काढून टेबलावर रचल्या. सरांचा हा नियम तिला एरवी जाच वाटायचा. एखादी टेस्ट केस सुचावी आणि ती कुणीतरी आधीच लिहिलेली निघावी, हे नेहमीचंच. आज मात्र ती मनातल्या मनात हात जोडून शोधायला बसली. खंडोबा, सापडू देऊ नको.

वाळूजकडच्या एका नव्या कारखान्यासाठी हे ऑफिस कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बनवत होतं. कारखान्यापायी ज्यांच्या पोटावर पाय आला, त्यांच्या घरटी एकाला नोकरी, असा शब्द कारखान्यानं गावाला दिला होता. अर्जातली माहिती भरली की मंजूर का नामंजूर ते मशीन सांगणार. तो प्रोग्रॅम तपासायचं काम सुगंधाचं. एक खोटा अर्जदार रचायचा, त्याला काय उत्तर यायला हवं ते आधी कागदावर लिहायचं, मग मशीन काय म्हणतं ते बघायचं. याचंच नाव टेस्ट केस. दोन्ही उत्तरं जुळली तर ठीक. नाही जुळली तर प्रोग्रॅममध्ये चूक, आणि चूक दुरुस्त झाल्याशिवाय सर काम हातावेगळं करत नसत.

काल तिनं गुपचूप एक खरा अर्जदार भरून पाहिला होता. तिचा थोरला भाऊ मुंजाबा. उत्तर आलं, नामंजूर.

मुंजाबाची मेंढरं गावच्या गायरानावर चरायची. बापाची चरायची, आज्याचीही. त्या गायरानाला कारखान्याचं कुंपण पडलं आणि मेंढरं विकावी लागली. नावावर वीतभर जमीन नव्हती, म्हणून दाखवायला सातबारा नव्हता. आता नोकरी मिळाली तर चूल, नाहीतर ऊसतोडीला जाणं.

घरी सांगितलं तेव्हा तो उलट हसला होता. "आगं, इसरले आसतील. शहरातल्या मानसाला मेंढरामागं फिरनारा कुठून ध्यानात यायचा? तू दाव की त्यान्ला. तू त्याच कामाला हायस न्हवं?"

तिलाही ते पटलं. विसरलेच असणार. आपल्यासारख्यांना विसरायची सगळ्यांना सवयच असते, त्या सवयीचा कधी आपल्याला उपयोग होईल असं मात्र तिला वाटलं नव्हतं. टेस्ट केस नवी असली की अपेक्षित उत्तर तीच लिहिणार होती. ती लिहिणार मंजूर, मशीन म्हणणार नामंजूर. मग प्रोग्रॅम बदलावाच लागेल.

वरची फाईल संपली. वाटणी न झालेली जमीन होती, सातबाऱ्यावर मेलेल्या बापाचं नाव होतं, सासरी गेलेली लेक होती, दत्तक मुलगा होता. मेंढपाळ नव्हता. त्याखालच्या फायलीतही नव्हता. त्याहीखालच्या फायलीत नव्हता. सुगंधाला आनंद आवरेना. तळाची पातळ फाईल ती नोकरीला लागायच्या आधीची होती. तिला हात न लावताच सुगंधानं कोरा कागद पुढं ओढला.

"कुठली लिहितेस?" सरांनी विचारलं.

"मेंढपाळ, सर. गायरानावर चराई, नावावर जमीन नाही. याचा विचारच केलेला नाही कुणी."

सरांनी तळाची फाईल काढली, पहिलंच पान उघडलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

टेस्ट केस क्रमांक एक. अर्जदार मेंढपाळ. गायरानावर चराई. जमीन नाही. अपेक्षित उत्तर: नामंजूर.

सुगंधानं ते पुन्हा वाचलं. "सर, लिहिताना चुकलं असंल हे."

"नाही गं," सर म्हणाले. तिच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. "जमीनवाल्यांपेक्षा गायरानावरची घरं कितीतरी जास्त आहेत, तेवढ्या नोकऱ्या कारखान्याला द्यायच्याच नव्हत्या. प्रोग्रॅमनं नेमकं काय करायला हवं, असं मी पहिल्या बैठकीत विचारलं, तेव्हा कारखान्यानं ही एकच लिहून दिली. बाकीच्या सगळ्या आपण मागाहून जोडल्या."