नवा सायलेन्सर

मुखरूने चावी फिरवली. पिकअप सुरू झाली की नाही, हे कळायला त्याला खाली उतरून बॉनेटवर तळहात ठेवावा लागला. बॉनेट बारीक थरथरत होतं. पहाटेच्या अंधारात मुखरू एकटाच हसला.

या गाडीने अकरा वर्षं गावाला धड झोपू दिलं नव्हतं. घेतली तेव्हाच ती जुनी होती आणि तिचा सायलेन्सर फुटका होता. मुखरूने त्याला तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून वर तार आवळली, एवढीच काय ती दुरुस्ती. गाडी सुरू झाली की गावातली कुत्री उठून उभी राहत. बायकांना घड्याळ लागत नसे. मुखरूची गाडी भुंकली की टोपली घेऊन बाहेर पडायचं. सेल्फ तर कधीचाच गेलेला. एकदा बंद पडली की धक्का आलाच. म्हणून मोहाची फुलं वेचायला जंगलात बायकांना नेलं, तरी त्या झाडाखाली पांगेपर्यंत, त्याची बिडी संपेपर्यंत, इंजिन बोंबलतच असायचं. मग तो गाडी पुढच्या उतारावर नेऊन उभी करायचा.

सगळ्यात जास्त भोगलं ते त्याच्या बायकोने, गिरजाबाईने. ती पुढच्या सीटवर कानात कापूस घालून बसायची. डोकं ठणकायचं. घरी आल्यावरही नवरा-बायको सवयीने ओरडूनच बोलत, आणि शेजाऱ्यांना वाटे, यांचं रोजचंच भांडण. भांडण कधीच नव्हतं. यंदा मार्कंड्याच्या जत्रेहून परत येताना ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली होती, "एक दिवस तरी या गाडीत बसून पाखरायचा आवाज आयकू द्या मले."

एवढंच तिने मागितलं होतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यात तिने दुसरं काही मागितल्याचं मुखरूला आठवेना.

जत्रेच्या फेऱ्या संपल्या तशी त्याने गाडी अंगणात घेतली. सडलेला पत्रा कापून नवा जोडला. सेल्फ बसवला, बॅटरी बदलली. चंद्रपूरहून नवाकोरा सायलेन्सर आणला आणि गाडीखाली पाठ टेकून स्वतः बसवला. गिरजाबाईने विटेच्या तुकड्याने गंज घासला. पांढऱ्या गाडीला हिरवा रंग द्यायचा, हेही तिनेच ठरवलं. सीटवर तिने जुन्या लुगड्याची गोधडी शिवून घातली. मोह गळायला लागला आणि गाडी तयार झाली.

त्या पहाटे गाडी चौकात येऊन उभी राहिली, पण एकही बाई बाहेर आली नाही. मुखरूला दारोदार हाका मारत फिरावं लागलं.

"गाडी सुरू आहे का बंद?" म्हातारी सुकरी मागे चढताना म्हणाली.

"सुरू आहे, बाई."

"मंग बोलत काऊन नाई?"

सगळ्या हसल्या. रस्ताभर मात्र त्या हळू बोलत राहिल्या. एरवी इंजिनावर आवाज चढवून घसा बसायचा, आज चढवायची गरजच नव्हती. पुढे गिरजाबाईने कानातला कापूस काढून खिडकीबाहेर टाकला. झाडीत तितर बोलला.

"आयकलं?" ती कुजबुजली.

"आयकलं," मुखरू म्हणाला. त्याने गाडी आणखी हळू घेतली.

मोहाखाली पोहोचल्यावर त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं. बंद करायचं काही अडलं नव्हतं. पण करता येतं, म्हणून केलं. इतकी शांतता झाली की फुलं पडतानाचा टपटप आवाज ऐकू यायला लागला. बायका टोपल्या घेऊन पांगल्या. गिरजाबाई नेहमीच्या झाडाकडे गेली, नाल्याच्या कडेच्या. जाताना तिने मागच्या बायकांना हाताने खुणावलं. गप राहा, पाखरं बोलतात.

तिची हाक एकदाच आली, तीही अर्धी.

बायका ओरडल्या, टोपल्या बडवल्या. मुखरू हाती लागलेलं लाकूड घेऊन धावला. वाघ तिला सोडून नाल्यात उतरला. पण तोवर सगळं संपलं होतं. मुखरूने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तो तिच्याशी ओरडून बोलायला लागला, घरी बोलायचा तसा. सुकरीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तरी तो थांबला नाही.

ऊन वर आलं तेव्हा वनरक्षक प्रफुल्ल मोटरसायकलने आला. तीन किलोमीटरवरच्या जंगलनाक्यावर त्याची ड्युटी असे. त्याने मेलेल्या बाईसमोर हात जोडले, नाल्यात उतरून वाळू पाहिली आणि परत वर आला. मग पंचनाम्याचा कागद त्याने हिरव्या बॉनेटवर पसरला.

"हा वाघ इथी नवा नाई, मुखरूभाऊ," तो खाली मान घालून म्हणाला. "दोन वरसांपासून झाडावरच्या कॅमेऱ्यात पाहून राह्यलो मी त्याले. मोहाच्या दिवसात रोज पहाटे त्या झाडामागंच बसते. तुमची गाडी भुंकली का उठते आन् नाल्यापल्याड निंगून जाते, मनून मी कदी बोललो नाई. नाक्यावरून मलेबी रोज आयकू येते ते. आज नाई आयकू आली."

त्याने पेनाचं टोपण काढलं आणि बॉनेटवरून मुखरूकडे पाहिलं.

"आज कुठी होती तुमची गाडी?"