गार्डाची शिट्टी

रेल्वेचा संप सुरू होऊन आठवडा झाला होता, आणि नाशिक रोडच्या बालवाडीत वत्सलाबाई पोरांना ‘आपले मदतनीस’ खेळवत होत्या. कुणी पोस्टमन झालं, कुणी डॉक्टर, बारकू झाला पोलीस. चांगुणा मात्र खऱ्या गार्डाची लेक. घरी पडून असलेली बाबांची शिट्टी गळ्यात घालूनच आली होती. एकमेकांचे सदरे धरून गाडी उभी राहिली, पण गार्ड काही शिट्टी वाजवेना.

“वाजव की गं!”

“नाही. संप आहे. माझे बाबापण वाजवत नाहीत.”

झालं! चांगुणाने सतरंजीवर फतकल मारली. तिच्या मागोमाग पोस्टमन बसला, डॉक्टर बसला, आणि बारकू पोलीस तर सगळ्यांत मोठ्याने घोषणा द्यायला लागला. बाई रागावल्या, विनवून थकल्या. शेवटी त्यांनी लाडवांचा डबा उघडला.

“कामावर येईल त्यालाच लाडू.”

पहिला पोलीस फुटला. मग डॉक्टर. बघता बघता तोंडात लाडू कोंबलेली गाडी झुकझुक करत चांगुणाभोवतीच फिरायला लागली. ती एकटी मूठ वर करून, रडत बसून राहिली.

निवृत्ती लेकीला न्यायला आला, तशी ती त्याला बिलगली. “बाबा, सगळे फितूर निघाले! एका लाडवासाठी!”

“जाऊ दे बाळा,” तिचे डोळे पुसत, कुणी संपवाला ऐकत नाही ना हे बघत निवृत्ती हळूच म्हणाला, “ती शिट्टी दे बरं इकडं. माझी अकराची पॅसेंजर सुटायचीय.”